उचलला कीं चालतो

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या मोरिवलीच्या घरीं एक विलक्षण प्राणी मुक्कामास होता. त्याला दृष्टि नव्हती, कान मात्र तिखट होते. पाय नव्हते, पण चालण्याची हौस दांडगी होती. आणि बुद्धि म्हणाल तर आम्ही घालूं तेवढीच, म्हणजे बेताचीच. आमचा बारा वर्षांचा भाचा त्याला 'रोबो' म्हणे. आमची गृहिणी त्याला 'तुमचें तें झुरळ' म्हणे. आम्ही स्वतः, वर्गांत इंग्रजी वाङ्मय शिकवून शिकवून भारदस्त बोलण्याची खोड जडलेली असल्यामुळें, त्याचा उल्लेख 'स्वयंचलित वाहन' असा करीत असूं, आणि तो ऐकून भाचा खुदकन् हंसे.

हा प्राणी सुट्या भागांच्या रूपानें एका पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरीं आला. दादरला गाडी बदलून आम्ही मामाभाचे ग्रँट रोडला उतरलों आणि लॅमिंग्टन रस्त्यावर गेलों. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव देऊन पुष्कळ वर्षें लोटलीं, पण तारा, दिवे आणि चिपा यांच्या शोधांत हिंडणारीं माणसें त्याला अजून जुन्याच नांवानें ओळखतात. खोक्यांत ॲल्युमिनियमचा एक पत्रा, दोन चिमुकल्या मोटारी, दांत्यांचीं चाकें, दोन काळे पट्टे, तळहाताएवढी एक हिरवी पाटी आणि मूठभर स्क्रू निघाले. सोबत कागदाचा एक कपटा होता. त्यावर चित्र होतें, परंतु कोणता स्क्रू कोठें बसवावा याविषयीं त्यानें पूर्ण मौन पाळलें होतें.

या मौनाची परंपरा मात्र थोर आहे. धारच्या भोज राजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या संस्कृत ग्रंथांत यंत्रांवर एक संबंध अध्याय आहे. त्यांत लांकडाचा उडता पक्षी आहे, माणसाप्रमाणें चाकरी करणाऱ्या यांत्रिक बाहुल्या आहेत; आणि हीं यंत्रें जुळवावीं कशीं हें मात्र सांगितलेलें नाहीं. तें अज्ञानामुळें नव्हे, गुप्तता राखावी म्हणून सांगितलें नाहीं, असा खुलासा ग्रंथकार वर करतो! याच ग्रंथांत भूमिज पद्धतीच्या देवालयांचेंहि वर्णन आहे, आणि अंबरनाथचें शिवालय नेमकें त्याच पद्धतीचें आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा माम्वाणीचें नांव आहे. योगायोग असा कीं, आमच्या हिरव्या पाटीचें नांवहि त्याच शतकांतल्या एका राजाचें निघालें. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं ही 'आर्दुइनो' पाटी जन्मास आली. तिच्या कर्त्यांची उठबस ज्या मद्यगृहांत असे त्याला १००२ सालीं इटलीचा राजा झालेल्या आर्दुइन याचें नांव होतें, तेंच पाटीला मिळालें. हें सारें आम्हीं भाच्यास मोठ्या रसाळपणें सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मामा, मग आतां लावायचा का पट्टा?"

पट्टा आम्हींच लावला. मोटारीहि आम्हींच बसविल्या. माळ्यावर आमच्या वडिलांची हत्यारांची पेटी होती. तींतला लहान स्क्रूड्रायव्हर काढला आणि भाच्याच्या हातीं विजेरी दिली. "नीट धर हं, हलवूं नकोस," एवढेंच त्याला सांगितलें. तो बिचारा दोन तास ती धरून बसला होता.

दुसरा दिवस आज्ञावलीचा. यंत्रानें काय करावें तें त्याच्या भाषेंत लिहून त्या पाटीवर चढवावयाचें असतें. पाटीची कायमची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट आणि कामापुरती तात्पुरती स्मृति २ किलोबाइट. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांप्रमाणें तिलाहि थोडक्यांत सांगावें लागतें. पुढच्या बाजूस डोळ्यांसारखीं दिसणारीं दोन गोल भांडीं असतात. एक ओरडतें, दुसरें ऐकतें. ती आरोळी सेकंदास ४०,००० कंपनांची, आणि माणसाचा कान २०,००० च्या पलीकडे बहिरा; म्हणून आपणांस तें मुकें वाटतें. आवाज भिंतीवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें आणि अंतर काढावयाचें. भिंत २० सेंटिमीटरांवर असेल तर जाऊन येऊन ४० सेंटिमीटरांचा प्रवास, त्याला सुमारें १,१७० मायक्रोसेकंद. वाघळें हेंच करतात. अंतर याहून कमी भरलें तर थांब, मागें ये, वळ, पुन्हां चाल; एवढाच आमच्या प्राण्याचा धर्म. लिहितांना आम्ही प्रत्येक ओळीअखेर अर्धविराम द्यावयास विसरत होतों आणि यंत्र प्रत्येक वेळीं निबंध तपासणाऱ्या शिक्षकाच्या निष्ठुरतेनें आमचें लेखन परत करीत होतें. तीस वर्षें तांबड्या शाईनें दुसऱ्यांचे अर्धविराम सुधारणाऱ्या माणसावर हा प्रसंग यावा!

सायंकाळीं यंत्र दोन जाड शब्दकोशांवर ठेवून कळ दाबली. पट्टे सुरेख फिरले. हात पुढें केला कीं थांबले, उलटे फिरले, एक पुढें एक मागें असे होऊन पुन्हां सरळ झाले. आम्हीं टाळी वाजविली. मग तें सतरंजीवर ठेवलें. सरळ गेलें, भिंत ओळखली, थांबलें, वळूं लागलें आणि मध्येंच सर्व विसरून पहिल्यापासून सुरू झालें. पुन्हां तेंच. पुन्हां तेंच. उचलून शब्दकोशांवर ठेवावें तों पुन्हां शहाणें.

"मामा, उचलला कीं चालतो," भाचा म्हणाला.

"हो, पाहिलें," असें म्हणून आम्ही संगणकापुढें बसलों.

पुढचे दोन दिवस आम्हीं जें केलें तें पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या पंडितास शोभण्याजोगें होतें. दोष संहितेंतच असला पाहिजे याविषयीं आम्हांला तिळमात्र शंका नव्हती. एकेक ओळ तपासली, शब्द बदलले, कंस हलविले, पुरवण्या जोडल्या. जन्मभर अक्षरावर पोट भरलेल्या माणसाला अक्षराबाहेर चूक असूं शकते हें सुचत नाहीं. भाचा पहिल्या दिवशीं जवळ बसला, दुसऱ्या दिवशीं व्हरांड्यांत गेला, नंतर खालीं मुलांत खेळावयास गेला. आम्हांला वाटलें, आजकालच्या मुलांत चिकाटी म्हणून नाहीं.

त्या रात्रीं बहिणीचा फोन आला.

"दादा, काय करतोय रे तो?"

"मदत करतो आहे मला."

"कसली?"

"विजेरी धरतो."

ती जरा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबांची विजेरी तूंच धरायचास ना?"

आमचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यांत फिटर होते. रविवारीं ते सायकल उलटी करून अंगणांत बसत, किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पंखा खोलून ठेवीत. सुटलेले स्क्रू पत्र्याच्या एका झांकणांत मोजून टाकीत आणि जुळणी झाल्यावर झांकण रितें झालें कीं नाहीं तें पाहत. आम्ही त्यांच्याजवळ बसत असूं. एकदां पाना उचलला तर त्यांनीं तो हळूच काढून घेतला. "तूं पुस्तक धर. हात काळे करायला मी आहें," ते म्हणाले. त्यांत राग नव्हता. असलाच तर अभिमान होता. त्या अभिमानावरच आम्ही पदवीधर झालों, प्राध्यापक झालों, आणि फ्यूज गेला तर शेजाऱ्यास हांक मारणारे गृहस्थ झालों. वडील जाऊन बरीच वर्षें झालीं. ती पेटी या दिवाळीपर्यंत आम्हीं उघडली नव्हती.

सकाळीं आम्हीं यंत्र, पेटी आणि झांकण भाच्यापुढें ठेवलें आणि स्वतः विजेरी घेतली. सांगावयास हरकत नाहीं, हें फार कठीण गेलें. तो एक स्क्रू चुकीच्या भोंकांत घालूं लागला तेव्हां आमचा हात दोनदां पुढें गेला आणि दोनदां मागें घ्यावा लागला.

भाच्यानें संगणकाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. तो सतरंजीवर पालथा झाला, हनुवटी जमिनीला टेकली, आणि यंत्राला चालावयास लावून त्याच्याकडे एकटक पाहत राहिला. तीनचार खेपा झाल्यावर म्हणाला, "मामा, वळायला लागला कीं त्याचा दिवा बारीक होतो."

पाटीवर एक मोहरीएवढा दिवा असतो. वळतांना तो खरोखरच मंद होत होता. मग आम्हांला एकदम उजाडलें. पट्ट्यांच्या गाडीला वळणारीं चाकें नसतात. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणांगणावर पहिले रणगाडे उतरले ते चिखलांतून जाऊं शकले, कारण पट्टा भार पसरवून टाकतो. पण याच पसरलेल्या पट्ट्यामुळें वळतेवेळीं सगळी लांबी जमिनीवरून आडवी फरफटत न्यावी लागते. गुळगुळीत फरशीवर तें निभतें. सतरंजी पट्ट्याला धरून ठेवते. मोटारी अडखळतात, अडखळलेली मोटार वीज अधाशासारखी ओढते, आणि त्याच चार सेलांवर बिचारी पाटी जगत असते. सहा व्होल्टांपैकीं सुमारें दोन तर मोटारी चालविणारा मंडलच गिळतो. दाब खालावला कीं पाटीला मूर्च्छा येते, आणि शुद्धीवर आल्यावर ती पहिल्या ओळीपासून आरंभ करते. शब्दकोशांवर जमीनच नव्हती, मग फरफट कोठली? हें सारें आम्हीं वाचलें होतें, मुलानें पाहिलें.

पाटीला वेगळी बॅटरी दिली. तर प्राणी जागचा हलेना! येथें मात्र आमचें पुस्तकी ज्ञान उपयोगीं पडलें. वीज दोन ठिकाणाहून आली तरी दोघांचीं ऋण टोकें एकमेकांस जोडावीं लागतात, नाहींतर एकाची आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीं. भाच्यानें तार सोलली, आम्हीं विजेरी धरली. 'दोघांचें ऋण एक' हें त्याला मोठें गमतीचें वाटलें. ऋण म्हणजे कर्ज एवढाच अर्थ त्याला ठाऊक होता.

दुपारभर तो रोबो घरभर हिंडला. भिंतीशीं अदबीनें थांबे, कपाटापुढून वळे, आणि पडद्यांत मात्र खुशाल घुसे; कारण मऊ कापड आवाज पिऊन टाकतें, परत करीत नाहीं. खुर्चीच्या बारीक पायांनाहि तो धडकला. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्यें ग्रे वॉल्टर यांनीं एल्मर आणि एल्सी नांवाचीं दोन यांत्रिक कांसवें केलीं होतीं. तीं उजेडाच्या रोखानें जात आणि बॅटरी उतरली कीं आपल्या खुराड्यांत परतत. आमच्या प्राण्याला परतण्याची अक्कल नव्हती. तो पलंगाखालीं जाऊन निपचित पडला तेव्हां गृहिणीनें केरसुणीनें त्याला बाहेर काढला आणि "थकलं हो तुमचं झुरळ" असें म्हणून जपून मेजावर ठेवला.

सुटी संपली. भाचा रोबो खोक्यांत घालून घरीं गेला. जातांना आम्हीं त्याला वडिलांचा लहान स्क्रूड्रायव्हर दिला.

पंधरा दिवसांनीं आम्हींच फोन केला. रोबो कसा आहे, पडदा ओळखतो का, असें विचारलें.

"मामा, तो खोलला मी."

"खोललास? कुठें बिघडला का?"

"नाहीं. चालत होता. मला त्याचा हात करायचाय, वस्तु उचलणारा. मोटारी त्यालाच लागतात ना."

"सगळा खोललास?"

"हो, सगळा."

आमच्या डोळ्यांपुढें तो सतरंजीवरून चालत गेला. आम्ही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मग विचारलें, "स्क्रू मोजून ठेवलेस ना रे?"