कृत्रिमतेचा स्पर्श नसलेली गाणी

एटापल्ली, जि. गडचिरोली
१४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र पोचलं. पुण्यात राहून तू अजून कागदावर लिहितेस आणि मी या जंगलातून मोबाईलवर अंगठा दाखवून मोकळा होतो, हे बरं दिसत नाही. म्हणून आज रात्री वह्या बाजूला सारून बसलो आहे.

तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी तुला माडिया आदिवासींची गाणी हवीत, आणि तीही ‘कृत्रिमतेचा स्पर्श नसलेली’. टीव्हीवरच्या स्पर्धांतले यंत्राने सुरात बसवलेले गळे ऐकून तू विटली आहेस, हे मी समजू शकतो. गाणी मिळतील, इथे त्यांना तोटा नाही. पण कृत्रिमतेचा स्पर्श नसलेलं एकही मला अजून भेटलेलं नाही, आणि भेटेल असं वाटतही नाही.

एके रात्री जेवणं झाल्यावर वसतिगृहातल्या मुलींना विचारलं, गाणं म्हणता का, फोनवर घेतो. त्यांनी आपसात माडियात काहीतरी ठरवलं आणि ‘सैराट’मधलं गाणं धरलं. मी म्हटलं, हे नको, तुमचं म्हणा. त्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, “सर, हे पण आमचंच आहे.” मग जरा हसून, माझ्यावर उपकार केल्यासारखं, त्यांनी नाचत म्हणायचं रेला गाणं सुरू केलं.

रेल्यात दोन बाजू लागतात. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उचलते. ओळी बहुतेक जोडीने येतात. दुसरी ओळ पहिलीचीच असते, फक्त एखादा शब्द बदललेला. मधल्या जागा ‘रेला’च्या अक्षरांनी भरायच्या, आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ मनात जुळवायची. पाय कुठे पडायचा तेही ठरलेलं असतं. चुकणाऱ्या पोरीला शेजारची कोपराने ढोसते. चिडवायचं गाणं कुणाला उद्देशून म्हणायचं यालाही हिशेब असतो. माडियांची कुळं देवांच्या संख्येवरून विभागलेली आहेत. कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. सारख्या देवांची माणसं भाऊबहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. तेव्हा त्यांना तसलं गाणं म्हणायचं नसतं, असं मुलींनी मला बजावून सांगितलं. आता तूच सांग, एवढ्या बांधीव गोष्टीला नैसर्गिक कशी म्हणायची? तुझ्या ख्यालातली अस्ताई आणि अंतरासुद्धा कधी कधी याहून सैल असतात.

आपल्याला ती नैसर्गिक वाटते, कारण तिचे नियम आपल्याला ऐकू येत नाहीत. माडिया द्रविड कुळातली भाषा, तेलुगूच्या नात्यातली. मराठी कानाला तिच्यातले शब्द कुठे तुटतात तेही चटकन उमगत नाही. मग आपण म्हणतो, वा, झऱ्यासारखं गाणं. झऱ्याला कुणी कोपराने ढोसत नाही, ताई.

याच मुली प्रजासत्ताक दिनाला किंवा एखाद्या महोत्सवात व्यासपीठावर चढतात तेव्हा बघायला ये. गावात हा नाच गोलात असतो आणि तोंडं आतल्या बाजूला. बाहेर उभ्या राहणाऱ्याला पाठी दिसतात. पाहुण्यांना पाठ दाखवून कसं चालेल? म्हणून गोल फोडून रांग करतात. ज्या दोन बाजूंनी एकमेकींना ओळ द्यायची, त्या दोन्ही मिळून आता पाहुण्यांना ओळ देतात. पाहुण्यांकडून ओळ परत येत नाही, टाळ्या येतात. पाच मिनिटांची मर्यादा असते. सगळ्यांना एका रंगाच्या साड्या असतात आणि निवेदक ‘निसर्गाच्या कुशीत वाढलेली ही लेकरं’ असं म्हणून माईकवर गहिवरतो. कधी पोरांच्या डोक्यावर शिंगांचा मुकुटही येतो. गव्याच्या शिंगांचा तो साज बस्तरच्या दंडामी माडियांचा. इंग्रज अधिकारी ग्रिगसनने १९३८ च्या पुस्तकात त्यांना ‘बायसन-हॉर्न’ माडिया म्हटलं आणि डोंगरातल्या माडियांपासून वेगळं काढलं, ते या शिंगांवरूनच. पण पाहुण्यांनी फोटोत मुकुट पाहिलेला असतो, तेव्हा मुकुट हवा. अस्सलपणाची मागणी आली की पुरवठ्याची सोय करावीच लागते.

जंगलाचंही तेच आहे. आलापल्लीकडे जाताना तुला ज्याचा हिरवेपणा इतका आवडला होता ते सागवान पुष्कळ ठिकाणी लावलेलं आहे, नीट पाहिलंस तर रांगा दिसतात. कुऱ्हाड न लागलेलं जंगल बघायचं तर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ला जावं लागतं. सहा हेक्टरांचा तुकडा, १९५३ पासून राखून ठेवलेला, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला. सुंदर आहे, शंका नाही. पण नैसर्गिक म्हणून जे उरलं आहे त्यालाच जाहीरनामा आणि पाटी लागते.

आता तुझ्या पत्रातला दुसरा शब्द. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला तू ‘भडक’ म्हटलंस. तू म्हटलंस! मंडईच्या जत्रेच्या रात्री बाबा आपल्याला बंडीत घालून न्यायचे, तणसावर चादर टाकून. पहाटे खलनायक मरेपर्यंत तू डोळ्याला डोळा लागू द्यायची नाहीस. अजून तसंच चालतं. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत तारखा लागतात. ज्या बैलांच्या शर्यतीच्या रात्री हे नाटक व्हायचं त्या शंकरपटावर २०१४ ला बंदी आली आणि २०२१ च्या शेवटी ती उठली, पण पट नव्हता तरी मधल्या बहुतेक वर्षांत नाटक होतंच. नायिका नागपूर-मुंबईहून येतात, पडदे रंगवलेले, विंगेजवळ ऑर्गन आणि तबला, आणि रडायच्या प्रसंगी माणूस रडतो तेव्हा शेवटच्या रांगेलाही कळतं की हा रडतोय. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना अशी काही रंगभूमी आहे हे पहिल्यांदा कळलं.

त्या नाटकाला आपण कृत्रिम का म्हणतो? कारण इथले नियम आपल्याला पाठ आहेत. खलनायक कधी हसणार, विनोदी नट कुठल्या दारातून येणार, कुठल्या वळणावर गाणं पडणार, हे आधीच ठाऊक असतं. ज्याची शिवण दिसते ते कृत्रिम आणि ज्याची दिसत नाही ते नैसर्गिक, एवढाच आपला न्याय. नाटकाच्या जागी नुसता पेनड्राइव्ह लावून रात्रभर चालणारा डान्स हंगामा मलाही सोसत नाही. पण तो कृत्रिम आहे म्हणून नव्हे, आळशी आहे म्हणून. त्यात कुणाला काही जुळवावं लागत नाही.

पुण्याची रंगभूमी तरी कुठे रानात उगवली? मराठी घरांतल्या बायका साडी कशी नेसावी, केसांत फुलं कशी माळावी, हे बरीच वर्षं नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाकडे बघून शिकत होत्या. बालगंधर्वांच्या बायकी चालण्यात एक पाऊल आपोआप पडलेलं नव्हतं. तरी प्रेक्षागृहातल्या खऱ्या बायकांनी ते पाऊल उचललं आणि पुढच्या पिढीला ते उपजत वाटू लागलं. मग १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. वर्तकांचं नाटक, बायकांच्या कामाला बायका, पदं मोजकी, दिवाणखान्यातलं साधं बोलणं. लोक म्हणाले, अखेर नैसर्गिक नाटक आलं. पण त्या नाटकाचा मूळ सांगाडा नाटककार ब्यर्नसनचा, म्हणजे नैसर्गिकपणा आपल्याकडे नॉर्वेहून आला.

आणि तुझी पेटी? १९४० मध्ये रेडिओने तिला बाहेर काढलं, ती तीन दशकं बाहेरच राहिली. परदेशी वाद्य, मींड निघत नाही, बारा ठोकळेबाज सुरांत श्रुती मावत नाहीत, असे आक्षेप होते, आणि ते खोटे नव्हते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर त्याच्या कितीतरी आधी इंग्रज अधिकारी क्लेमेंट्सच्या जोडीने श्रुती दाखवणारी पेटी करून पाहिली होती. नैसर्गिक सुरांची पेटी! ती मागे पडली. बारा सुरांची पेटी टिकली, आणि गायकांनी तिच्या किंचित चढ्या गांधाराशेजारी बसून आपला गांधार सांभाळायची सवय लावून घेतली. तूही तेच करतेस. तुझा सूर नैसर्गिक आहे असं जे लोक म्हणतात, त्यांनी तुझी ती वर्षानुवर्षांची पहाट ऐकलेली नाही.

साहित्यात हा खेळ आणखी अवघड होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसाने झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं, त्यामुळे आपलं बोलणं कागदावर आलं, हे मोठंच काम. पण संमेलनात कधी कधी असाही कवी भेटतो जो चहाच्या टेबलावर सदाशिव पेठेची मराठी बोलतो आणि माईकसमोर गेला की गावातला म्हातारा बोलणार नाही इतकी दाट झाडी बोलतो. त्याच दिवशी त्याच तालुक्यातल्या एखाद्या शाळेत ‘पानी’ म्हटल्याबद्दल पोराला उभं केलेलं असतं. मला त्या कवीचा राग येत नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांचा थोडा येतो.

तुझ्यासमोर मला कुमार गंधर्वांचं उदाहरण ठेवायचं आहे, ते तुझ्याच घराच्या भिंतीवर आहेत म्हणून. १९४८ मध्ये ते देवासला गेले. आजारात गाणं बंद, अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. त्यांनी त्या बायकांना निसर्गकन्या म्हणून हार घातले नाहीत. त्या गाण्यांत सूर कसे बसवले आहेत, कुठे वळवले आहेत ते ऐकलं, आणि त्या धुनांतून राग काढले. बायका काहीतरी रचत आहेत हे आधी मान्य केल्याशिवाय ते जमत नाही. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत मला तेच दिसत नाही. त्यात ‘मातीचा गंध’ आहे, ‘रानाचा हुंकार’ आहे, गाणं कोण रचतं ते नाही.

दुसऱ्या रात्री मुली आपणहून बसल्या आणि मी फोन ठेवून दिला. त्या दिवशीच्या ओळींमध्ये सुरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावरचे ट्रक होते, झाडांच्या पानांवर बसलेली लाल धूळ होती, आणि रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढणारा कुणीतरी पोरगा होता. तो कोण, हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ट्रक त्या बांधणीत विनासायास बसला. एक शब्द बदलायचा एवढंच. तुझ्या मंडळींनी हे ऐकलं तर पहिल्यांदा ट्रक काढायला सांगतील, याची मला खात्री आहे. मोह फुलला एवढं ठेवा, म्हणतील. ते चालणार नाही.

तेव्हा ध्वनिमुद्रण पाठवत नाही. मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना विचारलं आहे; मंडळ बोलावत असेल तर यायला तयार आहेत, परीक्षा सोडून. दोन्ही बाजू हव्यात, म्हणजे निम्म्याच मुली बोलावून भागणार नाही. व्यासपीठ नको, सभागृहाच्या मध्यभागी सतरंजी काढून जागा करून द्या आणि खुर्च्या भोवती लावा. निवेदन त्यांच्यातलीच एक करेल, मराठी तिची माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. शेवटी त्यांना ‘सैराट’चं गाणं म्हणायचं आहे, ही त्यांची अट आहे, माझी नाही.

मानधनाबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. मागच्या वर्षी ख्यालाच्या बैठकीला जे दिलंत त्याच हिशेबाने दरडोई द्यायचं असेल तर तसं मंडळाकडून लेखी घे. बल्लारशापर्यंत बस आणि पुढे रेल्वे, त्यांची आणि सोबत येणाऱ्या दोन आयांची तिकिटं आधी काढावी लागतील, कारण त्या मार्गावर ऐनवेळी जागा मिळत नाही. भावजींना नमस्कार. गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कळव.

तुझा
भाऊ