सुरणाचा स्टेक आणि ताटाचा मध्य

'सुरणाचा स्टेक' हे दोन शब्द एकत्र उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. ते स्वाभाविकच आहे. स्टेक म्हणजे मांसाचा जाड, रसरशीत काप, आणि सुरण म्हणजे परसातला ओबडधोबड, खाजरा कंद; या दोघांची सोयरीक जुळवणे अनेकांना थट्टेचे वाटते. परंतु शब्दाच्या मुळाशी गेले की थट्टा ओसरते. इंग्रजीत हा शब्द आला तो उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तेथे त्याचे नाते होते सळईला खोचून भाजण्याच्या क्रियेशी. म्हणजे नाव मुळात भाजण्याच्या रीतीचे, जनावराचे नव्हे. जाड काप, कडक आच, बाहेर खरपूस कवच आणि आत मऊ गाभा, एवढे साधले की वनस्पतीचा काप त्या नावाला अगदीच परका राहत नाही.

वाचकहो, धर्मगुरूने स्वयंपाकघरात एवढे का रमावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. एकट्या राहणाऱ्या माणसाला चूल ही चांगली सोबतीण असते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. धर्मग्रामात वावरताना मी पाहिले आहे की, घरातील पुष्कळ भांडणे पैशांवरून किंवा जमिनीवरून पेटत असली तरी ती धुमसत राहतात ती जेवणाच्या पाटावर. कोण कोणाबरोबर जेवले, कोणाला काय वाढले आणि कोणाला काय वाढले नाही, हे माणसे वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

आपल्या मराठी ताटाला मध्य नसतो. भात, आमटी, भाजी, कोशिंबीर, चटणी हे सारे आपापल्या जागी मानाने बसतात. पाश्चात्त्य ताटाची रचना मात्र निराळी आहे. तेथे मध्यभागी एक प्रमुख पदार्थ असतो आणि बाकीचे त्याच्या सेवेसाठी भोवती मांडलेले असतात. आपल्या समाजाने सणासुदीला ही दुसरी रचना केव्हाच आपलीशी केली आहे. नाताळ असो, ईस्टर असो वा लग्नाचे जेवण असो, मध्यभागी मांस आणि भोवती बटाटा, भाजी, पाव. मग जो मांस खात नाही, त्याच्या ताटात काय उरते? मध्य काढून घेतलेला परीघ! 'तुम्हांला डाळभात आहे हो,' असे आपण प्रेमाने सांगतो. पण सणाच्या दिवशी डाळभात खाणाऱ्याला आपण पाहुणा आहोत की अडचण, हे कळेनासे होते.

भाजीला मध्याचा मान देता येतो, हे मी प्रथम पाहिले ते जर्मनीत. एका उन्हाळ्यात बव्हेरियातील एका खेड्यात तेथील धर्मगुरूंच्या जागी मी महिनाभर सेवा करीत होतो. तेथील घर सांभाळणाऱ्या वृद्ध बाईंनी एका दुपारी सेलेरिॲक नावाच्या कंदाचे जाड काप उकडून, पावाच्या चुऱ्यात घोळवून, तळून माझ्यापुढे ठेवले. सोबत बटाट्याची आंबट कोशिंबीर आणि लिंबाची फोड. त्या लोकांना हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो कंद कापण्यापूर्वी मी हातात घेऊन पाहिला होता. मातकट, गाठीगाठींचा, कुरूप! मला तत्क्षणी आपला सुरण आठवला.

ही आठवण कामी आली ती पुढे कित्येक वर्षांनी. आमच्या धर्मग्रामातील एका घरात संगमनेरकडील मुलगी सून म्हणून आली. माहेर माळकरी, वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि दरवर्षी पायी वारी. विवाह ख्रिस्तसभेच्या रीतसर परवानगीने झाला होता. सून गुणी, पण मांसमासळीला तिचा हात लागेना. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. तरीही, 'आमच्या हातचे हिला चालत नाही,' हा सल त्यांच्या मनात घर करून राहिला. सून स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीतरी खाऊन घेई. दोन वर्षे लोटली, तरी मुलीचे वडील या घरी एकदाही जेवले नव्हते. ते येत, चहा घेत आणि निघून जात. अखेर ईस्टरच्या जेवणाला येण्याचे त्यांनी कबूल केले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, त्या माणसाला मी काय वाढू? डाळभात वाढला तर माझी लाज जाईल, आणि दुसरे मला येत नाही."

मी म्हटले, "काकी, सुरण आणा. पण तवा नवा घ्या आणि तेलही नवे."

तवा नवा, कारण मांस भाजलेल्या तव्यावरचे अन्न त्या गृहस्थांच्या व्रतात बसले नसते. दुसऱ्याचे व्रत आपले नसले तरी ते आपल्या घरात सुरक्षित राहिले पाहिजे. कांदा-लसूण चालतो की नाही, तेही सुनेला आधी विचारून घेतले. काही माळकरी घरांत तो वर्ज्य असतो. तिच्या वडिलांना चालत नव्हता. म्हणून लसणाऐवजी आले आणि हिंग.

आता कृती सांगतो. सुरण जून, पूर्ण पोसलेला घ्यावा. दिवाळीच्या सुमारास काढलेला कंद कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे ईस्टरपर्यंत तो मिळण्यास अडचण येत नाही. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात; खाज येते ती त्यांच्यामुळे. हातांना तेल चोळून साल जाडसर काढावी आणि दोन सेंटिमीटर जाडीचे, तळहाताएवढे काप करावेत. याहून पातळ काप तव्यावर मोडतात. याहून जाड काप आत कच्चे राहतात. काप स्वच्छ धुऊन मीठ, हळद आणि चिंचेचा किंवा कोकमाचा कोळ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकडावेत. आंबटाशिवाय सुरण शिजवू नये, हे आपल्या आज्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. कुकर वापरू नये. कापांचा लगदा होतो. सुरी आत शिरावी, पण किंचित अडावी, अशा बेताला काप पाण्याबाहेर काढावेत. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र सुरण बेतानेच, वैद्यकीय सल्ल्याने खावा.

यापुढची पायरी बहुतेक जण घाईत गाळतात. काप स्वच्छ फडक्यावर पसरून अर्धा तास कोरडे होऊ द्यावेत. कारण असे की, पाणी शंभर अंशांवर उकळते, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान त्यापुढे जात नाही. खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे, जेव्हा अन्नातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांचा संयोग होतो. १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेचे वर्णन केले. मांसाच्या स्टेकला जो वास येतो तो मोठ्या अंशी याच क्रियेचा. ती जशी मांसात घडते तशीच पावाच्या कवचात घडते आणि सुरणातही घडते.

कोरड्या कापांना आले, भरड मिरी, मीठ, थोडे व्हिनेगर आणि तेल चोळून ठेवावे. लोखंडी तवा चांगला तापवावा, दोन चमचे तेल सोडावे आणि काप ठेवून हात मागे घ्यावा. चार मिनिटे त्यांना हलवू नये. सारखी उलथापालथ करणाऱ्याला कवच मिळत नाही. मग एकदाच उलटून आणखी तीन-चार मिनिटे.

सुरण न आवडणाऱ्यांनी फुलकोबी घ्यावी. मात्र दांड्याला धरून राहणारे अखंड काप एका गड्ड्यातून दोन-तीनच निघतात. उरलेले तुरे सूपला वापरावेत. ज्यांना अधिक चिवट, दाताला भिडणारे काही हवे, त्यांच्यासाठी कणीक मळून पाण्याखाली धूत राहावी. पिष्ट वाहून जाते आणि गव्हातील प्रथिनाचा रबरासारखा गोळा हातात उरतो. चीनमधील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तो शतकानुशतके मांसाच्या जागी वापरला जातो. गव्हाचे पदार्थ ज्यांना सोसत नाहीत त्यांनी अर्थातच त्याच्या वाटेस जाऊ नये.

सोबतीच्या पदार्थांत खरा विचार लागतो. मांसाच्या शंभर ग्रॅम शिजलेल्या कापात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच सुरणात किंवा फुलकोबीत दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रूप आले, तरी बळ आले नाही. ते बळ सोबतीने आणावे लागते. म्हणून माझा नियम असा की, अशा ताटात एक कडधान्य असलेच पाहिजे: सोललेले वाल किंवा रस्सा न ठेवता परतलेला राजमा. दुसरे काही मऊ हवे. उकडलेला बटाटा नारळाच्या दाट दुधात घोटावा; लोण्याची उणीव भासत नाही. तिसरे काही हिरवे आणि करकरीत हवे. फरसबी खळखळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे शिजवून लगेच थंड पाण्यात टाकली की रंग राहतो. आणि चौथे आंबट. मांसाची चरबी जे तोंडात पसरवते ते सुरणात नाही. उलट सुरण कोरडा, पिठूळ. त्याला रस हवा. टोमॅटो मंद आचेवर आटवून, त्यात भाजलेली कणीक चमचाभर, भाज्यांचे उकळते पाणी, मिरी आणि दोन कोकमे घालून दाट रस करावा. ज्यांना चालते त्यांनी त्यात अळंबी परतून घालावी. टोमॅटो आणि अळंबी यांत ग्लुटामेट असते. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशैवालातून वेगळे काढून दाखवलेली ती मांसल चव हीच. ताटे गरम पाण्याने तापवून घ्यावीत, रस कापाखाली पसरावा, वर ओतू नये. नाहीतर कष्टाने कमावलेले कवच भिजून जाते.

त्या ईस्टरला मीही त्या घरी जेवायला होतो. टेबल एकच मांडले होते. मांस खाणाऱ्यांपुढे मांस होते. सून आणि तिचे वडील यांच्यापुढे सुरण, आणि बटाटा, वाल, फरसबी सर्वांना तीच. ही तीन पातेली नव्या भांड्यांतूनच शिजली होती. सासूबाईंनी पहिले ताट व्याह्यांपुढे ठेवले. त्यांनी सुरीकडे पाहिले, ती बाजूला सारली आणि हातानेच काप मोडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे सुरण कार्यालाच करतात." एवढेच. सासूबाईंनी त्यांना आणखी एक काप वाढला आणि त्यांनी तो नाकारला नाही. सून त्या दिवशी प्रथमच शेवटपर्यंत टेबलाशी बसून होती. त्या घरातील सर्व प्रश्न तेथेच मिटले, असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या नाताळात ते गृहस्थ न बोलावता आले, आणि येताना त्यांनी शेतातला सुरण आणला.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "फादर, मग उपवासकाळातल्या शुक्रवारी हाच स्टेक करावा का?" ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १२५१ वे कलम शुक्रवारी मांस वर्ज्य करण्यास सांगते, आणि सुरणात मांस नाही, म्हणजे अक्षर पाळले गेले. पण मांस सोडायचे ते काहीतरी उणे व्हावे, त्या उणिवेतून भुकेल्याची आठवण व्हावी आणि वाचलेले त्याच्या ताटात जावे म्हणून. चार सोबतींसह तापवलेल्या ताटात थाटाने वाढलेला स्टेक, मग तो कशाचाही असो, ही मेजवानी आहे. शुक्रवारी आमटी-भाकरी पुरे. भाकरीत कोणताही आव नाही.

सुरणाच्या स्टेकची जागा सणाच्या दिवशी आहे. ज्या दिवशी आपण सर्वांना बोलावतो, त्या दिवशी मांस न खाणाराही येतो : कोणी व्रतामुळे, कोणी डॉक्टरांच्या आज्ञेने, कोणी आजकालच्या मुलांप्रमाणे प्राण्यांच्या दयेपोटी. त्यांना 'तुमच्यासाठीही आहे' असे म्हणणे वेगळे आणि 'हे तुमच्यासाठी केले आहे' असे म्हणणे वेगळे. येत्या सणाला आमंत्रणे देताना एवढे विचारून ठेवावे, आणि एक तवा बाजूला काढून ठेवावा. किलोभर सुरणात चार माणसे तृप्त होतात.