क्षणप्रभेचा विसावा

वैशाखातील लग्नमंडप. वर पत्रे तापलेले, खाली माणसांची दाटी. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या आणि वधूवरांसोबत छायाचित्र काढून घेण्यासाठी आप्तेष्टांची रांग लागली. या रांगेला अंत नसतो. मामा गेले की काका येतात आणि काकांच्या मागून अख्खी आळी येते! तरुण छायाचित्रकार प्रत्येकासाठी फ्लॅश उजळीत होता. तासाभराने वधूची आजी नातीजवळ येऊन उभी राहिली आणि नेमका तेव्हाच दिवा रुसला. तिला तर साडेतीनची एस.टी. गाठायची होती.

फ्लॅशच्या पोटात बहुधा चार लहान सेल असतात. त्यांची तुटपुंजी वीज सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटर नावाच्या भागात साठविली जाते. कळ दाबताच ती झेनॉन वायूच्या काचनळीतून धाव घेते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लखलखाट होऊन विझतो. पूर्वी छायाचित्रकार मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. प्रकाशाबरोबर धूरही पदरी पडे. हा नवा दिवा धूर देत नाही, पण प्रत्येक लखलखाटामागे थोडी उष्णता ठेवून जातो. पूर्ण शक्तीने लागोपाठ उजळविला तर ती निघून जाण्यास उसंत मिळत नाही. सेल तापतात, नळी तापते, पुढचे झाकणही करपू शकते. म्हणून बऱ्याच फ्लॅशमध्ये अशी योजना असते की, मर्यादा ओलांडताच दिवा आपण होऊन थांबतो. तो रुसवा नव्हेच!

एका गृहस्थाने बर्फाच्या पाण्याचे भांडे पुढे केले. "यात बुडव की रे!"

"नको काका. ओल आत गेली तर दिवा कायमचा जाईल," असे म्हणून तरुणाने फ्लॅश बंद करून सावलीत ठेवला आणि आजीपुढे हात जोडले. "आजी, जरा मंडपाच्या दाराशी येता का?"

"चल बाबा. इथे मलाही उकडतेच आहे."

दाराशी उन्हाचा सौम्य उजेड पसरला होता. आजीने नातीच्या गालावरून हात फिरविला आणि त्याच क्षणी कळ दाबली गेली.

पंधरा मिनिटांनी फ्लॅश निवला. तरुणाने कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणाची क्षमता वाढवून फ्लॅशची शक्ती निम्म्यावर आणली आणि दोन चित्रांत थोडा अवधी ठेवू लागला. रांग कुरकुरली. आजी मात्र एव्हाना एस.टी.त खिडकीजवळची जागा धरून बसली होती.