पाण्याचा रंग बदलतोय

माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो आहे. कुंडमळ्याच्या लोखंडी पुलावर आम्ही नऊजण दाटीवाटीने उभे आहोत. मध्ये अम्मी, तिच्या पुढ्यात माझा सात वर्षांचा मुलगा, खाली इंद्रायणी. 2023 साली बकरी ईद जूनच्या अखेरीस आली होती. कुर्बानी, गोश्तवाटप, पाहुणे यांत तीन दिवस गेले. रविवारी बिर्याणीचा डबा घेऊन आम्ही तळेगाव दाभाडेजवळच्या या ठिकाणी गेलो. माणसांच्या पावलांनी पूल हलत होता. मुलांना त्याची मजा वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही.

इथे नदीच्या पात्रात काळ्या खडकाला रांजणासारखे खड्डे पडले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी खडक कोरला. तेच हे कुंड. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते नीट दिसतात. पावसाळ्यात मात्र वरून नुसतं वाहतं पाणी दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या माणसाचं पुढचं पाऊल कुठे जाईल, हे त्याला कळत नाही.

मी मुलाचा हात धरून अशाच पाण्यात उभा होतो. काठावर कणसं भाजत बसलेली एक बाई ओरडली, "ओ दादा, पोराला माघारी घ्या! पाण्याचा रंग बदलतोय, दिसंना का?"

मला राग आला. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पाणी घोट्यापर्यंतच होतं. अम्मी मात्र म्हणाली, "बेटा, ती इथली आहे. ऐक तिचं."

आम्ही काठावर आलो. पंधरा मिनिटांत, जिथे उभे होतो तो खडक दिसेनासा झाला. पाण्याबरोबर काटक्या, पालापाचोळा येऊ लागला होता. आवाजही वाढला होता. पाऊस आमच्यावर नव्हे, लोणावळ्याच्या डोंगरात पडत होता. त्याचं पाणी आमच्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागला, तेवढीच आमची सवलत होती.

पुढच्याच वर्षी, 30 जून 2024 रोजी, याच इंद्रायणीवरच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक मुस्लिम कुटुंब अडकलं. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून ते उभे होते. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एक बाई आणि चार मुलं गेली. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं, "लहान मुलांना घेऊन गेलेच कशाला?" मी काही लिहिलं नाही. माझ्या मुलाचा हात धरून मीही तसाच उभा होतो. फरक एवढाच की माझ्यावर कुणीतरी वेळेत ओरडलं होतं.

त्यानंतर वर्षही पुरतं झालं नव्हतं. 15 जून 2025, पुन्हा रविवार. कुंडमळ्याचा तो पूल गर्दीसह कोसळला. चारजण मृत्युमुखी पडले, कित्येक जखमी झाले. मी तो फोटो उघडून बराच वेळ बघत बसलो.

पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. पण फलक ओरडत नाही. रंग बदललेलं पाणी त्याला दिसत नाही, आणि पुलावर किती माणसं चढली हे तो मोजत नाही. धोका माहीत असताना वाट उघडी ठेवायची आणि अपघातानंतर फलकाकडे बोट दाखवायचं, ही जबाबदारी झटकणं आहे. पूल धोकादायक असेल तर तो बंद करायला हवा. जिथे दर रविवारी हजारो लोक येतात, तिथे जून ते सप्टेंबर नदी ओळखणारी गावातली चार माणसं पगार देऊन उभी करावीत. त्यांना शिट्टी, दोर आणि लोकांना अडवण्याचा अधिकार द्यावा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे स्वयंसेवक बुडालेल्यांचा शोध घ्यायला जीव धोक्यात घालून उतरतात. त्यांना बोलवायची वेळच येऊ नये, यासाठी आधी खर्च का होत नाही?

आणि आपण? ईदनंतर मुलांना घेऊन बाहेर पडायचा आपला रिवाज सुंदर आहे, तो मोडू नका. पण आपला सण दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो. काही वर्षं तो थेट पावसाळ्यात येतो, तेव्हा ठिकाण बदलायला हवं. नदीवर गेलातच, तर डबा उघडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. पाणी गढूळ झालं, काटक्या आल्या, आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून वर या. कुणी वाहून जात असेल, तर पोहता येतं म्हणून उडी घेऊ नका. दोर, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते काठावरून फेका. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसराही जातो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो.

त्या बाईचे मी आभार मानले नव्हते. जाताना फक्त दोन कणसं घेतली आणि तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस केली. मुलगा आता मोठा होतोय. तो फोटो पाहिला की विचारतो, "अब्बा, पुन्हा कधी जायचं?" मी त्याला सांगितलंय, जाऊ, पण उन्हाळ्यात. आणि आधी त्या कणीसवाल्या ताईंना शोधू.