खुब्याचं दुखणं अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, कंबर दुखते हे आपण सांगतो, गुडघा दुखतो हेही सांगतो; पण जांघेत दुखतंय हे डॉक्टरांपुढेसुद्धा बोलायला आपली जीभ रेटत नाही. या संकोचापायी माझ्या धाकट्या जावेचे सात महिने वाया गेले. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

वय अवघं 38. ल्युपस या आजारासाठी तिला बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. पुढे ती लंगडू लागली. विचारलं की म्हणायची, "काही नाही हो ताई, गुडघा धरलाय." तेल झालं, शेक झाला. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ! हरतालिकेच्या पूजेला मांडी घालता येईना, तेव्हा कुठे तिनं खरं सांगितलं. अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला आणि दुखण्याचं नाव कळलं: अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. म्हणजे रक्त न मिळाल्यामुळे हाडाचा भाग मरणं.

हाड कसं मरेल, असं तुम्हालाही वाटलं ना? मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सांगाड्याचं चित्र काढताना मुलांना हाड म्हणजे वाळकं लाकूडच वाटतं. पण हाड जिवंत असतं. ते सतत झिजतं, भरून निघतं आणि त्यासाठी त्याला रक्त लागतं. खुब्याचा सांधा उखळीसारखा. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत फिरतो. या माथ्याला रक्त पोचतं ते मुख्यतः मोजक्या बारीक वाहिन्यांतून. वरच्या मजल्यावरच्या नळासारखी त्याची गत! प्रवाह अडला, तर दुसरीकडून फारशी भरपाई होत नाही. मेलेला भाग काही काळ आकार धरून राहतो, मग अंगाच्या भाराने खचतो. गोलाई गेली की सांधा घासू लागतो.

खुब्याचं हाड मोडणं किंवा सांधा निखळणं, स्टिरॉइडचे मोठे डोस, दारूचं व्यसन ही याची मोठी कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल आजारही त्यातलाच. 2021 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर असं दुखणं झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. लहान मुलांत, विशेषतः चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांत, पर्थीस नावाचा असाच विकार होतो. तेव्हा मूल लंगडत असेल तर "नाटक करतोय" म्हणून सोडून देऊ नका.

जावेचा उजवा माथा खचला होता; तो सांधा बदलावा लागला. डावीकडे दुखत नव्हतं, पण एमआरआयमध्ये सुरुवात दिसली. तिथे हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी केला. तो खुबा आजवर टिकला आहे. लवकर कळण्याची किंमत एकाच घरात, एकाच बाईच्या दोन पायांत आम्ही पाहिली. आता ती नीट चालते. पोळ्या मात्र ओट्याशी उभ्यानेच लाटते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. जांघेत दुखणं, मांडी घालताना कळ येणं, लंगडणं ही खूण समजा. खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्यात दोष सापडला नाही तर खुबा तपासायला सांगा. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून दुखणं थांबलं नाही तर एमआरआयबद्दल विचारा. पूर्वी स्टिरॉइड घेतली असतील तर आवर्जून सांगा. मात्र घाबरून चालू गोळ्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊच नका. त्यांत कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेलं असतं.

घरात सगळ्यांची दुखणी आपणच विचारतो ना? मग आपलंही सांगूया, आणि जिथे दुखतं तिथलंच नाव घेऊन सांगूया. डॉक्टरांना त्यात नवल नसतं.