गादी

नवी पेठेतल्या आमच्या कापड दुकानात अजून गादी आहे. काउंटर आला, पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा यूपीआयचा डबा आला, पण बाबा बसतात गादीवरच. दिवाळीनंतर ते म्हणाले, दुकान आता काकांना चालवायला देणार. काका म्हणजे बावीस वर्षं आमच्याकडे तागे उलगडणारे. मला ‘छोटे मालक’ म्हणणारे.

मी इंजिनिअर. माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. दुकान मला कधीच नको होतं. तरी आत काहीतरी टोचलं.

“मला विचारायचं तरी.”

“तू बसलास कधी?” बाबा म्हणाले.

त्या दिवसांत मी आप्पासाहेब पंतांबद्दल वाचत होतो. औंध संस्थानच्या राजाचा मुलगा. सांगोल्यापलीकडचं आटपाडी याच संस्थानात होतं. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेल्या आप्पांनी १९३८ मध्ये वडिलांसोबत एक अजब गोष्ट ठरवली: सत्ता लोकांना देऊन टाकायची. मदतीला होता मॉरिस फ्रीडमन, पोलंडहून आलेला इंजिनिअर. गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि १९३९ मध्ये ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना औंधात आली. आप्पा तेव्हा सव्वीस वर्षांचे. माझ्याहून लहान.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. राज्य ब्रिटिशांचं, पण आप्पांची ऊठबस जोमो केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांत. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. ब्रिटिशांना हे खुपलं. १९५४ मध्ये त्यांना तिथून परतावं लागलं. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम.

घराण्याचं नाव कामी आलंच असणार. राजाच्या मुलासाठी दिल्लीची दारं लवकर उघडतात. पण दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याची बाजू घेण्याआधी या माणसानं स्वतःच्या घरची सत्ता सोडली होती.

तेव्हा कळलं, मला काय टोचलं होतं. दुकान नको होतं; ‘छोटे मालक’ एवढं हवं होतं.

पाडव्याला काका गादीवर बसले. अवघडून, अगदी कडेला. मी शर्टाचं कापड मागितलं, तर सवयीनं उठायला लागले.

“बसा काका,” म्हटलं, आणि तागा मीच काढला.