नाव मागे ठेवून आलेला संघ

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला स्थलांतराचा प्रश्न ग्रंथांतच भेटतो असे नाही. २००८-०९ मध्ये मी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात संशोधक विद्यार्थी होतो. त्याच वर्षी सिएटलमध्ये १९६७ पासून नांदत असलेला 'सुपरसॉनिक्स' हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीत आला आणि त्याचा तेथील पहिला हंगाम मला जवळून पाहावयास मिळाला.

अमेरिकेत मालकाच्या इच्छेने संघ गाव बदलतात. नाव मात्र बहुधा सोबत जाते. मिनियापोलिसचा 'लेकर्स' संघ १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा सरोवरांच्या प्रदेशाने दिलेले नाव सरोवरांवाचून नांदू लागले. न्यू ऑर्लिन्सचा 'जॅझ' संघ १९७९ मध्ये युटा राज्यात गेला. ज्या संगीतावरून ते नाव पडले, त्याची जन्मभूमी मागेच राहिली. ओक्लाहोमात उलटे घडले. २ जुलै २००८ च्या तडजोडीनुसार नाव आणि रंग सिएटलकडे राहिले, खेळाडू तेवढे आले. रसेल वेस्टब्रुकची निवड तर सहाच दिवस आधी सिएटलच्या नावे झाली होती. त्या शहरासाठी तो एकही सामना खेळला नाही. सप्टेंबरात संघाचे नवे नाव जाहीर झाले: 'थंडर', म्हणजे मेघगर्जना.

गर्जेल तो पडेल काय, ही आपली म्हण त्या हिवाळ्यात मला वारंवार आठवे. २९ ऑक्टोबरचा पहिलाच सामना संघ हरला. नोव्हेंबरातच प्रशिक्षक बदलले. पहिल्या ३२ सामन्यांत अवघे ३ विजय पदरी पडले. हंगामाअखेर ८२ पैकी ५९ पराभव झाले होते. वीस वर्षांचा केविन ड्युरंट एकाकी झुंज द्यावी तसा खेळे. तरीही लोक येत राहिले.

या शहराला परक्या संघाची सवय नव्हती असे नाही. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा 'हॉर्नेट्स' संघ दोन हंगाम तेथेच आश्रयाला होता. पण तो पाहुणा होता. घर सावरताच परतला. त्याच्या आतिथ्यात कोणाचे काही हिरावले गेले नव्हते. थंडर मात्र कायमचे बिऱ्हाड घेऊन आला होता, आणि मागे एक घर रिकामे झाले होते.

आमच्या विभागात सिएटलचा एक सहाध्यायी होता. तो प्रत्येक सामन्याचा निकाल आवर्जून पाहत असे, परंतु संघाचे नवे नाव कधी उच्चारीत नसे. 'आमची मुले पुन्हा हरली', एवढेच तो म्हणे. क्रीडागृहात मी पाहिलेले हजारो लोकही त्यांना 'आमची मुले'च म्हणत. यांतील खरा षष्ठी विभक्तीचा अधिकार कोणाचा?

भाषांतराच्या विचारात हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. नव्या वाचकांनी एखादी कृती आपलीशी केली म्हणजे ती त्यांच्या भाषेची होते; पण मूळ लेखकाचे नाव मुखपृष्ठावरून पुसण्याचा हक्क त्या जिव्हाळ्यातून मिळत नाही. जून २०२५ मध्ये थंडरने ओक्लाहोमासाठी पहिले अजिंक्यपद जिंकले. त्यापूर्वीचे एकमेव अजिंक्यपद १९७९ चे, सिएटलमधले. माझ्या मते ओक्लाहोमाचा हक्क विजयाच्या रात्री सिद्ध झाला नाही. ५९ पराभव पाहूनही जे पुन्हा आले, त्यांनी तो आधीच मिळविला होता. मात्र सिएटलचे ऋण त्याने फिटले असेही मी मानीत नाही.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविताना हे दोन्ही विचार मी जवळ बाळगतो. ज्यांची ही मातृभाषा नाही ते विद्यार्थी वर्षभर अडखळत, चुकत तिच्याजवळ येत राहतात. वर्षाअखेर त्यांच्यापैकी कोणी 'आपली मराठी' असे म्हणाला, तर तो शब्द मी दुरुस्त करीत नाही.